सहा इंची आरसा: गोल ठेवावा की पॅराबोला करावा?

अंतर्गोल (धागाकर्ता)

पावसाळा लागला, आकाश मिटलं, की घरच्या घरी दुर्बिणीचा आरसा घासायचे बेत सुरू होतात. आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो: सहा इंची एफ/८ (फोकल लेंथ व्यासाच्या आठपट) आरसा नुसता गोलीय, म्हणजे चेंडूच्या पृष्ठभागाच्या तुकड्यासारखा, ठेवला तर चालेल का, की मध्य किंचित जास्त खोल करून पॅराबोला करायलाच हवा? उत्तरं 'चालतंय की' आणि 'छे, अजिबात नाही' अशा दोन टोकांना असतात. आकडे मांडले तर दोन्हीकडे थोडं थोडं तथ्य निघतं.

व्यास १५२ मिमी, फोकल लेंथ १२१९ मिमी, म्हणजे वक्रता त्रिज्या २४३८ मिमी. 'फोकल लेंथ त्रिज्येच्या निम्मी' हे शाळेतलं सूत्र फक्त मध्याजवळच्या किरणांना लागू पडतं. गोलीय आरशाच्या कडेवर पडलेला किरण अक्षाला जरा अलीकडेच छेदतो. किती अलीकडे? अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग भागिले चौपट त्रिज्या. इथे ७६ चा वर्ग भागिले ९७५२, म्हणजे जवळजवळ ०.६ मिमी. एफ/८ ला आयपीस जेमतेम ०.०७ मिमी मागेपुढे झाला तरच प्रतिमा कुरकुरीत राहते. मग ०.६ मिमीचा घोळ असलेला आरसा बाद का होत नाही?

कारण खरा हिशेब किरण कुठे छेदतात याचा नसून तरंग किती वाकडा झाला याचा असतो. गोल आणि पॅराबोला हे दोन पृष्ठभाग मध्यावर टेकवले तर कडेला त्यांच्यात ०.२९ मायक्रॉनचं अंतर पडतं. पण आपण फोकस करतो तो मध्य आणि कड यांच्या दरम्यानच्या सर्वोत्तम जागी. त्या जागेपुरता हा फरक एक चतुर्थांश होतो, ०.०७ मायक्रॉनच्या आसपास. परावर्तनात चूक दुप्पट होते, कारण खड्डा असेल तर प्रकाश तेवढं अंतर जातानाही जास्त कापतो आणि परतानाही. म्हणजे तरंगावर ०.१४५ मायक्रॉन. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर रॅलेची पाव तरंगाची मर्यादा (चूक तिच्या आत असेल तर प्रतिमा चांगली मानतात) ०.१३८ येते.

थोडक्यात, सहा इंची एफ/८ बरोब्बर कुंपणावर बसलेला आहे. म्हणूनच वाद मिटत नाही. माझं मत असं, की या मापाला पॅराबोलाची चिंता सगळ्यात शेवटी करावी. घरी केलेले आरसे फसतात ते पडलेल्या कडेमुळे, खरबरीत पॉलिशमुळे आणि गरम काच तपासल्यामुळे.

---

वाकडी_नजर

वाचनखूण साठवली आहे. एक शंका: बाजारात ११४ मिमीच्या दुर्बिणी मिळतात, त्यांत गोलीय आरसा असतो म्हणतात आणि त्या चालतातही. मग ८ इंची एफ/६ सुद्धा गोल ठेवून चालेल का?

---

अंतर्गोल

नाही चालणार. चूक व्यासाच्या प्रमाणात वाढते आणि एफ-आकड्याच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे एफ-आकडाच बरंचसं ठरवतो. वरच्याच हिशेबाने ११४ मिमी एफ/८ ला चूक तरंगाच्या पाचव्या भागाइतकी येते, ती खपून जाते. सहा इंची एफ/१० ला सातव्या-आठव्या भागाइतकी, तिथे पॅराबोलाचं नावही काढू नका. ८ इंची एफ/६ ला ०.८ तरंग, आणि ६ इंची एफ/५ ला पूर्ण एक तरंग. असा आरसा गोल ठेवला तर गुरूचे पट्टे पुसट होतील आणि तुम्ही उगाच हवेला दोष देत बसाल.

---

कृत्तिका

अंतर्गोल यांच्याशी सहमत, फक्त क्रमाबद्दल थोडी भर. सुरुवातीलाच लोक काचेत फसतात, म्हणून तिथून.

सहा इंचाला १९ ते २५ मिमी जाडीची साधी प्लेट काच पुरते. बोरोसिलिकेट मिळाली तर उत्तमच. तिचं प्रसरण साध्या काचेच्या साधारण एक-तृतीयांश, त्यामुळे पॉलिश करून उठल्यावर तपासणीसाठी कमी थांबावं लागतं. टफन केलेली (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) काच मात्र कधीही घेऊ नका. टेबलाच्या वरच्या जाड काचा बहुधा टफन केलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागात ताण कोंडलेला असतो, घासताना वरचा थर गेला की आकार बदलत राहतो, आणि एखाद्या वेळी अख्खी चकती फुटून तिचे खडे होतात.

ओळखायचं कसं: लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवीकृत असतो. पडद्यासमोर काच धरा, आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर फिरवत पडदा काळा पडेपर्यंत न्या. काच सगळीकडे काळीच राहिली तर ताण नाही. काचेत पांढरट पट्टे, ठिपके किंवा कडेने उजळ फुल्या दिसल्या तर ती परत करा.

दुसरं, घासायला बसायच्या आधी दोन्ही चकत्यांच्या (एक आरसा, दुसरी तो जिच्यावर घासायचा ते टूल) कडा पाणी लावून धारेच्या दगडावर दोन मिमी तिरक्या मारून घ्या. कडेची धार तशीच ठेवली तर तिचा टवका उडतो, तो टवका दोन काचांमध्ये जातो आणि ओरखडे पडतात. प्रत्येक ग्रिट (घासायच्या पावडरीचा नंबर) संपली की ही तिरपी कड शिल्लक आहे ना ते पाहायचं. ती घासून नाहीशी होत असते.

---

खटपट्या_कोल्हापूर

+१. 'टफन' ओळखायची ही युक्ती काचवाल्याच्या दुकानातच करावी, घरी आणून नव्हे. :)

घासण्याचं प्रमाण लिहून ठेवतो. सहा इंची एफ/८ ला मध्ये खड्डा होतो तो फक्त १.१९ मिमीचा. सूत्र: अर्ध्या व्यासाचा वर्ग भागिले चौपट फोकल लेंथ. एवढ्यासाठी आरशातून जेमतेम २७ ग्रॅम काच जाते. पण ती एक-एक कणाने जाते, म्हणून घाई नको.

खाली टूल, वर आरसा. टूलवर ८० नंबरची कार्बोरंडम पावडर पाऊण चमचा, फवाऱ्याने पाणी. आरसा मध्यापासून बाजूला सरकवून वर्तुळाच्या जीवेसारखे छोटे-छोटे स्ट्रोक मारायचे, म्हणजे आरशाचा मध्य टूलच्या कडेवरून जातो. वर असलेल्याचा मध्य आणि खाली असलेल्याची कड झिजते, त्यामुळे वरचा अंतर्गोल आणि खालचा बहिर्गोल होत जातो. पाच-सहा स्ट्रोकला आरसा हातात थोडा फिरवा आणि स्वतः टूल ठेवलेल्या पिंपाभोवती एक पाऊल सरका. या दोन फिरण्यांमुळेच आकार गोल राहतो. यातलं एक जरी विसरलं तरी आरशात अस्टिग्मॅटिझम येतो, म्हणजे एका दिशेला एक वक्रता आणि आडव्या दिशेला दुसरी. चरचर आवाज मंदावला, चिखल राखाडी आणि मऊ झाला, की ती पावडर संपली. पुसून नवी घ्या.

खोली मोजायला गॅरेजवाल्याचं फिलर गेज पुरतं. स्टीलची सरळ पट्टी आरशावर आडवी ठेवून मध्याखाली पाती सरकवायची. इथे एक मेख आहे. पट्टी टेकते ती तिरप्या कडेच्या आतल्या बाजूला, पूर्ण व्यासावर नाही. दोन मिमीची तिरपी कड असेल तर अर्धा व्यास ७४ धरायचा, आणि पातं १.१९ ऐवजी १.१२ चं लागतं. हे विसरलं की फोकल लेंथ पाच-सात सेंटिमीटर आखूड होते. ट्यूब आधी कापून ठेवली असेल तर बसा मग. ८० नंबरवर लक्ष्याच्या ०.०५ मिमी आधी थांबा, कारण १२० आणि २२० मध्ये अजून थोडी खोली वाढते.

---

वाकडी_नजर

फिलर गेजशिवाय फोकल लेंथ कळायचा मार्ग?

---

कृत्तिका

ऊन. जाड्या-भरड्या घासलेल्या आरशावर पाणी मारलं की काही क्षण तो चकाकतो. ओला आरसा उन्हात धरून सूर्याची प्रतिमा भिंतीवर किंवा पुठ्ठ्यावर पाडा आणि सर्वात लहान, सर्वात रेखीव ठिपका होईल तिथलं अंतर मोजा. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा, म्हणून प्रतिमेचा व्यास फोकल लेंथच्या साधारण १०७ व्या भागाइतका येतो. १२१९ मिमीला ११ मिमीच्या आसपास. ठिपका त्याहून बराच मोठा दिसत असेल तर तुम्ही फोकसवर नाही.

आणि पॉलिश झालेला आरसा, कोटिंग नसला तरी, उन्हाच्या खिडकीत ठेवून जेवायला जाऊ नका. कोटिंग नसलेली काच सुमारे ४ टक्केच प्रकाश परतवते, कोटिंगनंतर तीच सुमारे ८८ टक्के. उन्हात राहिलेल्या कोटिंगवाल्या आरशाने पडदे पेटू शकतात. त्या ठिपक्यात डोळा तर चुकूनही नको.

---

रात्रपाळी

बारीक घासण्याबद्दल दोन ओळी, कारण तिथे लोक कंटाळून पुढे पळतात.

८०, १२०, २२०, ३२०, मग अॅल्युमिनियम ऑक्साइड २५, १५, ९ आणि जमल्यास ५ मायक्रॉन. प्रत्येकाला कमीत कमी एक तास. आधीच्या ग्रिटचा सर्वात खोल खड्डा गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. सोनाराच्या भिंगातून, काच उजेडाकडे तिरपी धरून पाहा. एखादा जाड खड्डा दिसला की मागच्या बाजूने स्केचपेनने त्याच्याभोवती गोल करा आणि दोन पाळ्यांनी परत बघा. गेला नसेल तर पुढची पावडर उघडूच नका. पॉलिशमध्ये हा खड्डा काढायला दहा पट वेळ लागतो.

काचा एकमेकींना नीट टेकतात का हे पेन्सिलीने कळतं. आरशावर उभ्या-आडव्या रेघा मारा, थोडं पाणी आणि चालू पावडर घेऊन अर्धा मिनिट घासा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या तर ठीक. मध्य पुसला आणि कड राहिली, तर त्रिज्या जुळत नाहीत. आखूड, मध्यावरून मध्यावर जाणारे स्ट्रोक व्यासाच्या एक-तृतीयांश लांबीचे घेत राहा, जुळतात.

१५ मायक्रॉनच्या खाली पाणी सुकू दिलं की दोन काचा चिकटतात. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कड फुटेल. दोन्ही तशाच कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग लाकडाच्या ठोकळ्याने बाजूने हलकं ठोका.

---

खटपट्या_कोल्हापूर

ग्रिट बदलताना घरातल्यांचा रोष पत्करून सगळं धुवा. बादली, फवारा, फडकं, शर्टाच्या बाह्या, नखं. खालचे वर्तमानपत्र टाकून द्या. ८० चा एक कण पॉलिशच्या पाळीत शिरला तर आरशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणदार ओरखडा मिळतो.

---

मृगशीर्ष

पिचबद्दल (पॉलिशसाठी टूलवर ओततात तो डांबरासारखा पदार्थ) कुणीच बोललं नाही अजून. प्रकाश फोकस होणार की नाही हे खरं तर पिच ठरवते.

टूलवर पाच-सहा मिमी जाडीचा पिचचा थर ओतायचा, कोमट असतानाच त्यात साधारण २५ मिमीच्या चौकोनांचे चर पाडायचे. चरांची जाळी मध्यावरून किंचित सरकवा. टूलचा मध्य कुठल्याही चौकोनाच्या मध्यावर किंवा चरांच्या फुलीवर येता कामा नये. तसा आला तर आरशाच्या मध्याभोवती गोल वळी उठतात, त्यांना झोन म्हणतात, आणि त्या घालवताना जीव जातो.

पिचचा कडकपणा आपल्याकडे हवामानावर. पुण्यात एप्रिलमध्ये जी पिच लोण्यासारखी वाहते ती डिसेंबरात दगड होते. पिच खोलीच्या तापमानाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मग अंगठ्याच्या नखाने मध्यम जोर लावा, पाच-सहा सेकंद. खूण उमटली पाहिजे, पण नख रुतता कामा नये. मऊ वाटली तर राळ घाला, कडक वाटली तर टर्पेंटाइनचे थेंब, तेही भांडं गॅसवरून उतरवून, लांब नेऊन. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. थोडं मधमाशीचं मेण घातलं तर पिच ठिसूळ होत नाही.

मग सेरियम ऑक्साइड (पॉलिशची पावडर) पाण्यात पातळ कालवून पिचवर, त्यावर आरसा, आरशावर चार-पाच किलो वजन, अर्धा तास. याला दाबणं म्हणतात. पिच आरशाचा आकार घेते. प्रत्येक बैठकीच्या आधी दाबा. न दाबता सुरुवात केली तर पिच जिथे टेकते तिथेच झिजवते. चर बुजत आले की कापून मोकळे करा.

पॉलिश पूर्ण झालं का हे लेसर पॉइंटर सांगतो. किरण पृष्ठभागावर टाका. काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर लाल ठिपका दिसत राहिला तर खड्डे शिल्लक आहेत. मध्याला ठिपका नाही पण कडेला आहे, असं बहुतेक वेळा असतं. कडेला पॉलिश सगळ्यात शेवटी पोचतं.

---

कवडसा

चांगला धागा. थोडं अवांतर, पण विषयाला धरून: लोक विचारतात, इतका खटाटोप आरशासाठीच का, भिंग का नाही?

भिंग प्रकाश वाकवतं तेव्हा निळा जास्त वाकतो, लाल कमी. चष्म्याच्या दुकानात १ नंबरचं वाचायचं प्लास्टिकचं भिंग मिळतं, त्याची फोकल लेंथ १ मीटर. त्यात निळ्या आणि लाल प्रकाशाचे फोकस सुमारे १७ मिमी अंतरावर पडतात. म्हणून अशा भिंगाची दुर्बीण करायची तर पुढे २५ मिमी भोकाचा काळा पुठ्ठा लावून उरलेलं भिंग झाकावं लागतं. भोक लहान म्हणजे एफ/४०, फोकसची खोली वाढते आणि रंगांची झालर सुसह्य होते. चंद्राचे खड्डे आणि गुरूचे चार चंद्र दिसतात, त्यापलीकडे फार आशा नको. १७ व्या शतकात याच कारणाने दुर्बिणी लांबच लांब होत गेल्या. हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) सुमारे ४५ मीटर लांबीची उभारली होती. वारा सुटला की ती झुलायची.

आरशाला हा रोगच नाही. परावर्तनाचा कोन रंग पाहत नाही. न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली ती याचसाठी, आणि रंगदोष नसलेलं भिंग होणंच शक्य नाही असं तो मानत होता. तिथे तो चुकला. क्राउन काचेचं बहिर्गोल आणि फ्लिंट काचेचं अंतर्गोल जोडून रंगांची चूक बरीचशी कापता येते, लंडनच्या डॉलंड या भिंगवाल्याने १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

पण आरशाची एक बाजू अवघड आहे आणि ती कुणी सांगत नाही. पृष्ठभागावर समजा ०.१ मायक्रॉनचा उंचवटा राहिला. आरशात तरंगावर त्याची चूक ०.२ मायक्रॉन होते. भिंगात तोच उंचवटा काचेच्या अपवर्तनांकातून १ वजा करून उरतो तेवढाच मोजला जातो, म्हणजे ०.०५ च्या आसपास. एका पृष्ठभागापुरतं बोलायचं तर आरसा भिंगापेक्षा चौपट काटेकोर लागतो. भिंगजोडीला मात्र असे चार पृष्ठभाग, दोन प्रकारची निर्दोष काच आणि सगळ्यांचे अक्ष एका रेषेत. घरी करायला म्हणून आरसाच बरा.

---

वाकडी_नजर

भिंग पाण्यात बुडवलं तर फोकस लांब जातो असं वाचलंय. आरशाचंही तसंच का?

---

कवडसा

साध्या काचेच्या भिंगाची फोकल लेंथ पाण्यात पावणेचारपट होते, कारण काच आणि पाणी यांच्यातला फरक काच आणि हवा यांच्यापेक्षा खूप कमी. आरशाची बदलत नाही. किरण ज्या माध्यमातून येतो त्याच माध्यमात परततो.

---

अंतर्गोल

आता फूको चाचणी, म्हणजे आरशाचा आकार घरी तपासायची रीत. लेआँ फूकोने १८५८-५९ च्या सुमारास मांडली, आणि अजूनही एक दाढीचं ब्लेड आणि एक एलईडी यावर ती होते.

एलईडीसमोर दोन ब्लेडांच्या धारांमध्ये बारीक फट करा. हे आरशापासून वक्रता त्रिज्येवर, म्हणजे २४३८ मिमीवर ठेवा. फोकल लेंथवर नव्हे, हा नवख्यांचा ठरलेला गोंधळ. फटीतून निघालेला प्रकाश आरशावर आदळून परत फटीशेजारीच एकवटतो. तिथे तिसरं ब्लेड उजवीकडून आत सरकवा आणि ब्लेडच्या धारेमागून आरशाकडे पाहा. सावली ब्लेडच्याच बाजूने, म्हणजे उजवीकडून आली, तर ब्लेड फोकसच्या अलीकडे, आरशाच्या बाजूला आहे. उलट बाजूने आली तर पलीकडे. अगदी फोकसवर असेल आणि आरसा नेमका गोल असेल, तर संपूर्ण आरसा एकाच वेळी सपाट राखाडी होतो, डावं-उजवं काही नाही.

ब्लेडची पुढेमागे हालचाल एम६ च्या स्क्रूवर घ्या, एक फेरा म्हणजे १ मिमी. शक्य असेल तर ०.०१ मिमीचं डायल गेज लावा.

पॅराबोलाचा फोकस वक्रता केंद्रावर एक नसतो. मध्याचा जवळ, कडेचा लांब. दिवा स्थिर ठेवून फक्त ब्लेड हलवलं तर प्रत्येक वलयासाठी ब्लेड किती मागे जायला हवं ते असं: वलयाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्या. पुठ्ठ्याला ३०, ४८, ६१ आणि ७२ मिमी त्रिज्येवर डावी-उजवी खिडक्यांची जोडी कापा. पहिल्या जोडीवर शून्य धरलं तर पुढच्यांचे आकडे ०.५८, १.१६ आणि १.७६ मिमी यायला हवेत. दिवा आणि ब्लेड एकाच फळीवर, एकत्र सरकत असतील तर हे सगळे निम्मे. हा भेद विसरून लोक दुप्पट पॅराबोला करून ठेवतात, म्हणजे सरळ हायपरबोला.

---

कृत्तिका

इथे माझा आग्रह: चाचणी करताना आरसा थंड झालेला असायला हवा.

खात्री करायची असेल तर ब्लेड फोकसवर ठेवून आरसा राखाडी करा. मग पुढे जाऊन आरशाच्या पृष्ठभागावर अंगठा वीस सेकंद टेकवा आणि परत येऊन ब्लेडमागून पाहा. जिथे अंगठा टेकला तिथे वाटाण्याएवढी टेकडी उभी, एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने काळी. काही मिनिटं ती हळूहळू विरत राहते. अंगठ्याच्या उबेने काच किती फुगली असेल? मायक्रॉनचा अगदी छोटा भाग. आता विचार करा, पॉलिशच्या पाळीत दोन्ही तळवे तासभर त्याच काचेवर होते. प्लेट काच असेल तर पाळीनंतर तास-दीड तास स्टँडवर ठेवून मगच आकडे घ्या. पंखा बंद. आरसा आणि डोळा यांच्यामध्ये हलणारी गरम हवा सुद्धा याच चाचणीत धुरासारखी वाहताना दिसते.

---

रात्रपाळी

आणि कड. धागाकर्त्याने सुरुवातीला 'पडलेली कड' म्हटलं, ते नेमकं काय ते सांगतो. शेवटच्या दोन-तीन मिमीत पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला झुकतो. चांगल्या आरशाच्या कडेवर फूकोत एक बारीक उजळ रेघ असते, कड पडलेली असेल तर ती एका बाजूला तुटलेली किंवा गायब दिसते. कडेचा भाग क्षेत्रफळाने मोठा असतो. १५२ मिमीत शेवटचे ३ मिमी म्हणजे जवळजवळ ८ टक्के प्रकाश. तो प्रकाश फोकसवर न जाता भोवती धुकं करतो. तारा ठीक दिसतो, पण शनीच्या कड्यातली फट मिटते.

कारणं तीन: मऊ पिच, लांब स्ट्रोक, कडेवर हाताचा भार. पिच कडक करा, स्ट्रोक आखूड करा, बोटं मध्याकडे आणा. एवढं करूनही गेली नाही तर शेवटचे दोन मिमी काळ्या रंगाने झाका आणि मोकळे व्हा. १४८ मिमीचा चांगला आरसा १५२ मिमीच्या वाईट आरशापेक्षा कधीही बरा.

---

मृगशीर्ष

काळ्या रंगाला माझा विरोध होता, पण इथे मान्य. तो दोष लपवत नाही, वाईट भाग बाद करतो.

पॅराबोला करायची वेळ आली तर: आरसा वर, पिच खाली, डब्ल्यूसारखे तिरपे लांब स्ट्रोक, दोन्ही बाजूंना आरसा चांगला बाहेर लोंबेल असे. मध्य खोल होतो. एफ/८ ला दोन-तीन मिनिटांच्या मोजक्या पाळ्या पुरतात. प्रत्येक पाळीनंतर थंड करून मोजा. पुढे गेलात तर परत गोल करून यावं लागतं, मधून मागे फिरता येत नाही.

---

वाकडी_नजर

फूकोचे आकडे जमले म्हणजे झालं ना? दुसरी चाचणी कशाला?

---

कवडसा

हबलच्या आरशावर याचं उत्तर कोरलेलं आहे. २.४ मीटरचा आरसा, अतिशय गुळगुळीत, आणि कड गरजेपेक्षा २.२ मायक्रॉन सपाट. कारण चाचणीच्याच उपकरणात एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं. आरसा त्या चुकीच्या मोजपट्टीला इमानेइतबारे जुळवला गेला. दुसऱ्या, साध्या चाचणीत दोष दिसला होता, पण ती कमी अचूक म्हणून बाजूला ठेवली गेली. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करणारी उपकरणं बसवली तेव्हा कुठे प्रतिमा नीट आली.

घरी दुसरी चाचणी म्हणजे रोंकी. इंचाला १०० रेघांची जाळी ब्लेडच्या जागी धरा, वक्रता केंद्राच्या किंचित अलीकडे. गोल आरशात रेघा सरळ. पॅराबोलात मधल्या रेघा सरळ, बाजूच्या पोट बाहेर काढून उभ्या, कंसासारख्या. टोकाशी रेघांना अचानक आकडा आला तर ती पडलेली कड. यात आकडे मिळत नाहीत, पण घोडचूक लपत नाही.

आणि शेवटी ताराच. ध्रुवतारा घ्या, फारसा सरकत नाही. फोकसच्या थोडं आत आणि तेवढंच बाहेर जाऊन वलयं पाहा. दोन्हीकडे सारखी तर उत्तम. आत गेल्यावर बाहेरचं वलय ठसठशीत आणि बाहेर आल्यावर कड धुरकट, मध्य उजळ, असं दिसलं तर आरसा अजून गोलाकडे आहे. दोन्हीकडे लंबगोल, पण दिशा ९० अंशांनी फिरते, तर अस्टिग्मॅटिझम.

---

खटपट्या_कोल्हापूर

लंबगोल दिसला की लगेच आरशाला दोष देऊ नका. आरसा सेलमध्ये (आरसा धरणाऱ्या चौकटीत) ९० अंश फिरवून पुन्हा पाहा. लंबगोलही आरशाबरोबर फिरला तर आरसा दोषी. तसाच राहिला तर सेल, प्रकाश आयपीसकडे वळवणारा छोटा तिरपा आरसा किंवा तुमचा डोळा. बहुतेक वेळा क्लिपा आवळलेल्या असतात. क्लिप आणि आरसा यांच्यामध्ये कागद सरकेल इतकी फट ठेवा. तीन टेकू पुरेत, गोंदाने मागून चिकटवायचा तर सिलिकोनचे तीन लहान ठिपके, थापून नाही.

---

वाकडी_नजर

सगळ्यांचे आभार. शेवटचं: कोटिंगला पाठवताना काय काळजी घ्यावी? चांदी घरी चढवता येते ना?

---

कृत्तिका

चांदी चढते, परावर्तनही अॅल्युमिनियमपेक्षा जास्त. पण मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ती लवकर काळवंडते. आणि सिल्व्हर नायट्रेट-अमोनियाचं मिश्रण साठवून ठेवलं किंवा सुकू दिलं तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. ते उरवायचं नाही, वापरून लगेच भरपूर पाण्याबरोबर ओतून टाकायचं. पहिल्या आरशाला निर्वात भट्टीतलं अॅल्युमिनियम आणि वर संरक्षक थर हेच घ्या.

पाठवण्याआधी पिचचा एक डागही राहू देऊ नका. टर्पेंटाइन, मग भांडी घासायचं सौम्य साबणपाणी, मग डिस्टिल्ड वॉटर. कडेचा काळा रंग आत्ता लावू नका. निर्वातात रंग वायू सोडतो आणि कोटिंग डागाळतं, तो कोटिंग होऊन आल्यावर लावा. आरशाच्या पाठीवर व्यास आणि फोकल लेंथ हिऱ्याच्या टोकाने कोरा, स्केचपेनने लिहिलेलं असेल तर पुसून काढा. खोक्यात आरशाचा पृष्ठभाग कशालाही टेकता कामा नये. तिरप्या कडेवर बसेल असा फोमचा गोल कापा आणि 'ही बाजू वर' सगळ्या बाजूंनी लिहा.